तुम्ही विचारलेत म्हणून : अंगणाला फरशी घालावी की माती ठेवावी?

सांगली-मिरज परिसरात घरे बांधण्याचे आणि त्यांच्या भोवतालच्या जागेची आखणी करण्याचे काम मी करते. घर पुरे होत आले, रंगकाम संपले आणि कुंपणाच्या आत वीस-पंचवीस फुटांचे मोकळे अंगण उरले की घरमालक हमखास विचारतात, "सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक बसवून घ्यायचे की थोडी माती ठेवायची?" विचारणाऱ्याचा कल बहुधा ब्लॉककडेच असतो आणि त्यामागचे कारण खरे असते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चपलांना थर धरून चिकटते, घरभर होते आणि लादी कितीही पुसली तरी तिचे ठसे राहतात. तरीही माझे उत्तर असे आहे की, जिथे पाऊल आणि चाक पडते तेवढ्याच जागेला फरशी घालावी, उरलेली माती मोकळी ठेवावी आणि फरशीचा रंग निवडण्यापूर्वी पाण्याचा उतार व पश्चिमेची सावली या दोन गोष्टी ठरवाव्यात.

या उत्तराचे पहिले कारण मातीच आहे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण पाहतो. तीच हालचाल घराभोवतीच्या जमिनीतही चालू असते. अशा जमिनीवर नुसते पाणी मारून, धुम्मस करून कोबा केला किंवा ब्लॉक मांडले, तर एखाद-दुसऱ्या उन्हाळ्यात कोब्याला तडे जातात आणि ब्लॉकची रांग कुठे वर उचलली जाते, तर कुठे खचते. ब्लॉक वाईट होते असा समज मग होतो. खरे तर ब्लॉकमध्ये दोष नसतो, तो खालच्या थरात असतो. वरची काळी माती निदान फूटभर काढून तिथे चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून दाबून घ्यावा, त्यावर दीड-दोन इंच कचीचा (दगडाच्या बारीक चुऱ्याचा) किंवा वाळूचा थर द्यावा आणि मगच ब्लॉक किंवा शहाबादी फरशी बसवावी. नुसत्या पायी वावरासाठी ५० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो. चारचाकी उभी राहणार असेल तर ६० मिलिमीटरचा घ्यावा. मुरमाचा खर्च टाळून ब्लॉक महागातले निवडणारी माणसे मी बरीच पाहिली आहेत, आणि प्रत्येकाला मी हेच सांगते की पैसे कमी पडत असतील तर फरशीचे क्षेत्र कमी करा, पण मुरूम कमी करू नका.

दुसरी गोष्ट फरशीच्या जागेची. बहुतेक अंगणांत भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा आणि मधोमध फरशी अशी मांडणी असते. ती दिसायला छान दिसते, परंतु काळ्या मातीत ती घराला घातक ठरते, कारण वाफ्याला रोज घातलेले पाणी थेट जोत्याच्या कडेला मुरते. घराच्या एका बाजूची जमीन कायम ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली की पाया सारखा बसत नाही, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा दिसू लागतात. म्हणून मी ही मांडणी उलटी करते. घराच्या चारही बाजूंनी अडीच-तीन फूट रुंदीचा पक्का पट्टा घ्यायचा, त्याला घरापासून बाहेर दर दहा फुटांना अडीच इंच या हिशेबाने उतार द्यायचा आणि माती, वाफे, झाडे सगळी कुंपणाच्या बाजूला न्यायची. दरवाज्यापासून फाटकापर्यंत चार फुटांची वाट आणि गाडीची जागा एवढे झाले की चिखलाचा प्रश्न जवळजवळ सुटतो, कारण माणसे मोकळ्या मातीतून क्वचितच चालतात.

वीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अंगणावर २५ मिलिमीटरचा एखादा वळीव पडला, तर तेवढ्या जागेत सुमारे ९३० लिटर पाणी येते. गच्चीचे पाणी पन्हाळीतून उतरते ते वेगळेच. संपूर्ण फरशी असेल तर हे पाणी काही मिनिटांत रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारात जाते. काळी माती पाणी पटकन पीत नाही हे खरे आहे, म्हणून कुंपणालगत वीतभर खोल, पसरट आळे काढून त्यात शेणखत आणि उसाचे पाचट घालावे. पाचटाचे आच्छादन आपल्या जिल्ह्यात सहज मिळते. त्याखालची माती भेगाळत नाही आणि दर पावसाळ्यानंतर ती अधिक भुसभुशीत होत जाते. हे आळे जोत्यापासून दहा फुटांच्या आत मात्र नको.

मातीचा पोत एकाच शहरातही बदलतो. हरिपूरला हळद साठवण्याची पेवे जमिनीत खणता आली ती तिथल्या मातीच्या गुणामुळे. विश्रामबागेकडे किंवा कुपवाडकडे तसे गृहीत धरता येणार नाही. आपल्या अंगणात फूटभर खोल खड्डा घेऊन त्यात पाणी भरून ठेवावे. संध्याकाळी भरलेले पाणी सकाळी तसेच साचलेले दिसले, तर उताराची आणि मुरमाची गरज किती आहे हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. गावभागासारख्या नदीकाठच्या वस्तीत २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे पूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मी आणखी एवढेच सांगते की अंगणातली बसण्याची जागा लाकडाची न करता दगडी कट्ट्याची करावी, कुंपणाच्या भिंतीला तळाशी पाणी जाण्यासाठी झरोके ठेवावेत आणि बाहेरच्या विजेच्या जोडण्या जमतील तितक्या उंचावर घ्याव्यात.

आता सावलीकडे येते, कारण माझ्या मते अंगणाचे सगळ्यात मोठे काम तेच आहे. घर तापते म्हणून दक्षिणेला झाड हवे अशी मागणी मी नेहमी ऐकते. सूर्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. सांगली विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १७ अंशांवर आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस भर दुपारचा सूर्य आपल्या बरोबर माथ्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो किंचित उत्तरेकडूनच जातो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो, आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला की तेच ऊन आपल्याला खोलीत हवेहवेसे वाटते. घर तापवणारे ऊन असते ते गच्चीवरचे आणि दुपारी तीननंतर पश्चिमेकडून येणारे. चार वाजता ते छज्ज्याखालून आत शिरते, भिंत तापवते आणि रात्री दहापर्यंत ती भिंत खोलीत उष्णता सोडत राहते. मेमध्ये हे ऊन पश्चिमेपासून थोडे वायव्येकडे सरकलेले असते, म्हणून झाडही खिडकीच्या अगदी समोर न लावता जरा वायव्येला लावावे.

झाड कोणते हे ठरवताना माझा आग्रह असतो की मे महिन्यात ज्याला पाने असतात असेच झाड निवडावे. बहावा मला अतिशय प्रिय आहे, त्याच्या पिवळ्या झुंबरांनी भरलेल्या रस्त्यावरून जाताना मी आजही थांबते. पण तो फुलतो तेव्हा बहुधा निष्पर्ण असतो आणि सावली हवी असते ती नेमकी तेव्हाच. सीताफळही उन्हाळ्यात पाने गाळून उभे राहते. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात, वळवाच्या वाऱ्यात त्या मोडतात, त्यामुळे तो घराजवळ नको. मोठा प्लॉट असेल तर कडुनिंब किंवा करंज उत्तम, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली तरी एप्रिलपर्यंत दोन्ही नव्या पालवीने भरलेले असतात. लहान अंगणासाठी मी बकुळ, चिकू किंवा पेरू सुचवते. बकुळ हळू वाढते, पण तिची सावली दाट असते, ती बारमाही हिरवी असते आणि तिच्या फुलांचा वास सुकल्यावरही टिकतो. वड, पिंपळ, उंबर यांची रोपे पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत आपोआप उगवतात. ती बोटभर असतानाच काढून मोकळ्या जागेत न्यावीत. काळ्या मातीत मोठ्या झाडाची मुळे जोत्याखालचा ओलावा ओढून घेतात, म्हणून झाड जितके उंच वाढणार, साधारण तितके अंतर घरापासून ठेवणे सुरक्षित असते. लहान अंगणात एवढे अंतर मिळत नाही, तिथे उंच वाढणारे झाड न लावणेच बरे.

ज्यांच्याकडे पश्चिमेला जेमतेम सहा-सात फूट जागा आहे, त्यांच्यासाठी तासगावकडच्या द्राक्षबागेचा मांडव ही सर्वांत चांगली युक्ती आहे. लोखंडी अँगल, त्यावर ताणलेल्या तारा आणि त्यावर चढवलेली मधुमालती किंवा कृष्णकमळ एवढ्यात भिंतीसमोर हिरवा पडदा तयार होतो. वेल भिंतीवर न चढवता भिंतीपासून दोन फूट दूर ठेवावा. मधून हवा खेळते, ओल धरत नाही आणि रंग खराब होत नाही. एका निवृत्त शिक्षक दांपत्याच्या घरी वातानुकूलन यंत्राऐवजी असा मांडव केला. दुसऱ्या उन्हाळ्यापासून ते दोघे दुपारचा चहा त्याच खोलीत घेऊ लागले, जी खोली पूर्वी चार वाजता बंद ठेवावी लागे.

हिरवळीविषयी थोडेच सांगते. तिला उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज सुमारे पाच लिटर पाणी लागते. वर सांगितलेल्या अंगणासाठी हे रोजचे १८० लिटरांच्या पुढे जाते. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत मी ती करून देत नाही. त्या जागी गवती चहा, तुळस, अडुळसा, जास्वंद लावावीत आणि मधली माती पाचटाने झाकावी.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. मुरूम आणि फरशी मार्च-एप्रिलमध्ये, जमीन कोरडी असताना करून घ्यावी, म्हणजे पहिल्या पावसात उतार बरोबर आहे की नाही ते दिसते आणि दुरुस्तीला सवड मिळते. रोपे जूनच्या अखेरीस, जमीन वीतभर खोल भिजल्यावर लावावीत. पश्चिमेच्या झाडाचा खड्डा मात्र घराचे जोते पुरे झाले त्याच वर्षी घ्यावा आणि ते रोप बांधकामाच्या वाळू-सिमेंटपासून जपावे. घराला रंग लागेपर्यंत ते डोक्याएवढे झालेले असते आणि तुमच्या सावलीचा एक पावसाळा वाचतो.