कपड्यांची आतली बाजू

औपचारिक पोशाख मला मनापासून आवडतो. स्वच्छ इस्त्री केलेला शर्ट, खांद्यांवर चपखल बसलेला कोट आणि पॉलिश केलेले बूट यांतून समोरच्या माणसाचा आणि प्रसंगाचा मान राखला जातो, अशी माझी धारणा आहे. अडचण अशी की हे कपडे अंगावर चढल्यानंतर थोड्याच वेळात माझे लक्ष प्रसंगावरून उडते आणि मानेपाशी, काखेत, कमरेवर जाऊन बसते. समोरचा माणूस महत्त्वाचे काही सांगत असतो, मी मान डोलावत असतो आणि त्याच वेळी कॉलरची कड मानेला नेमकी कुठे टेकली आहे, हे मला त्याच्या शब्दांपेक्षा अधिक स्पष्टपणे जाणवत असते.

बहुतेक लोक अंगावरचे कपडे विसरू शकतात, आणि त्याला कारण आहे. स्पर्शाची नोंद घेणारी त्वचेतील मज्जातंतूंची काही टोके मुख्यतः बदल टिपतात. स्पर्श आहे तसाच राहिला की त्यांचे संदेश मंदावतात आणि उरलेल्या संदेशांकडे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करू लागतो. हातातले घड्याळ किंवा डोळ्यांवरचा चष्मा दिवसभर आठवत नाही, तो यामुळेच. काही माणसांत मात्र हे विसरणे उशिरा घडते, तर काहींत ते पुरेसे घडतच नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत संवेदनांना मिळणाऱ्या तीव्र किंवा मंद प्रतिसादाचा समावेश स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) लक्षणांत करण्यात आला. तथापि अशी संवेदनशीलता कोणतेही निदान न झालेल्या माणसांतही आढळते, आणि मी त्यांपैकीच एक आहे. म्हणून ‘घालत राहा, सवय होईल’ हा सल्ला कितीही आपुलकीने दिलेला असला, तरी माझ्या त्वचेला तो लागू पडत नाही.

त्रास नेमका कुठून येतो, हे शोधण्यात मी बराच काळ घालवला आणि त्या शोधाने मला आधार दिला. शर्टाच्या मानेशी शिवलेले लेबल हे त्याचे सर्वांत साधे उदाहरण आहे. ते बहुधा कृत्रिम धाग्याच्या गुळगुळीत पट्टीचे असते, पण ती पट्टी उष्णतेने कापलेली असल्यास तिची कड वितळून कडक होते आणि मान वळवली की तिचा कोपरा त्याच जागी पुन्हा पुन्हा घासतो. लेबल कात्रीने कापले की प्रश्न मिटेल असे वाटते, परंतु शिवणीत अडकलेला त्याचा आखूड खुंट आधीपेक्षाही जास्त टोचतो. टाके एकेक करून उसवावे लागतात, आणि तेही कापडाची शिवण न सुटता. त्यानंतर उरतो तो कॉलरच्या आतला बकरम, म्हणजे ताठपणासाठी घातलेले कडक कापड. कॉलर ताठ राहते ती त्याच्यामुळे आणि मानेला जाचते तीही त्याच्यामुळेच. इथे दिसणे आणि जाणवणे यांचा सरळ विरोध आहे, आणि मऊ बकरम घातलेली कॉलर थोडी कमी ताठ दिसली तरी मी तिचीच निवड करतो.

लोकरी कापडाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. लोकर टोचते ती अॅलर्जीमुळे, असा समज आहे, पण बहुतांश वेळा कारण यांत्रिक असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचे बाहेर आलेले टोक त्वचेवर दाबले गेले की ते सहज वाकत नाही आणि वेदनेची जाणीव करून देणारी मज्जातंतूंची टोके चाळवते. अशा जाड तंतूंचे प्रमाण अगदी थोडे असले, तरी संपूर्ण कापड बोचरे वाटते. घामाने त्वचा ओलसर आणि मऊ झाली की ही बोच वाढते. त्यामुळे सभागृहात शिरताना सुसह्य वाटलेली पँट तासाभराने नकोशी होते. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब अशी की बोटांच्या टोकांना ही बोच सहसा कळतच नाही, कारण तिथली त्वचा जाड असते. कापड खरेदी करताना आपण ते चिमटीत धरून पाहतो आणि ‘किती मऊ आहे’ असे म्हणतो, तेव्हा आपण शरीराच्या चुकीच्या भागाला प्रश्न विचारत असतो. कापड हाताच्या आतल्या बाजूला किंवा मानेवर धरून पाहावे, म्हणजे खरे उत्तर मिळते. सुटाच्या लोकरी कापडावर ‘सुपर १००’ असे लिहिलेले असेल, तर प्रचलित संकेतानुसार त्यातील तंतूंची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपेक्षा जास्त नसते. आकडा वाढत जातो तसा तंतू बारीक होत जातो. हे कळल्यापासून मी कापडाचा रंग नंतर पाहतो.

सुरकुत्या न पडणाऱ्या शर्टांविषयीही थोडे सांगायला हवे. असे अनेक शर्ट फॉर्मल्डिहाइड या रसायनावर आधारित रेझिनची (राळेसारख्या द्रव्याची) प्रक्रिया करून तयार होतात आणि काही जणांच्या त्वचेला त्यामुळे पुरळ किंवा खाज येते. नवा शर्ट धुऊनच घालावा हा जुना नियम इथे काही अंशी उपयोगी पडतो.

कमरेचा पट्टा मला कॉलरइतका त्रास देत नाही, पण त्याचा त्रास केवळ मनाचा खेळ आहे असे कोणी म्हणू नये. मांडीच्या बाहेरील बाजूची संवेदना वाहून नेणारा एक मज्जातंतू कमरेच्या हाडाजवळून जातो. घट्ट पट्ट्याने किंवा घट्ट पँटने तो दाबला गेला, तर मांडीला मुंग्या येतात, जळजळ होते किंवा बधिरपणा येतो. हा वैद्यकशास्त्राला चांगला परिचित असलेला विकार आहे. टायबद्दलही संशोधन झालेले आहे. घट्ट बांधलेल्या टायमुळे डोळ्यांतील दाब वाढतो, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, तर २०१८ साली जर्मनीतील संशोधकांनी तरुण पुरुषांच्या एका छोट्या गटाची तपासणी केली तेव्हा टायमुळे मेंदूचा रक्तपुरवठा सरासरी ७.५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. अशा छोट्या प्रयोगांवरून टाय धोकादायक ठरवावा असे मी म्हणणार नाही. परंतु गळ्याभोवती काहीतरी आवळल्यासारखे वाटते, अशी तक्रार करणाऱ्या माणसाच्या शरीरात खरोखरच काहीतरी घडत असते, एवढे तरी मान्य व्हावे.

कारण कापडापेक्षा जास्त जाचते ते हे न मानले जाणे. दोन तासांचाच तर प्रश्न आहे, बाकीचे सगळे घालतातच ना, एवढे काय नखरे, ही वाक्ये ज्याने ऐकली आहेत त्याला माझे म्हणणे लगेच कळेल. ते दोन तास मी हसतमुखाने काढतो, पण घरी परतल्यावर जो थकवा येतो तो कामाचा नसतो. एक जाणीव सतत दडपून ठेवण्यात शक्ती खर्च झालेली असते. शिवाय ज्या प्रसंगाचा मान राखण्यासाठी ते कपडे घातले, त्याच प्रसंगाला मी अर्ध्या मनाने हजर राहिलेलो असतो, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

संस्थांना स्वतःची गरज भासली तेव्हा पोशाखाचे नियम बदललेले आहेत. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००५ साली उन्हाळ्यात वीज वाचवण्यासाठी वातानुकूलनाचे तापमान २८ अंशांवर ठेवण्याचे आवाहन केले आणि कर्मचाऱ्यांनी कोट-टायशिवाय कामावर यावे यासाठी मोहीम सुरू केली. इंग्लंडमध्ये २००७ साली संसर्ग टाळण्यासाठी रुग्णांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या लांब बाह्या आणि टाय यांवर मर्यादा आली. वीज आणि जंतू यांच्यासाठी जी मोकळीक देता येते, ती एखाद्याच्या त्वचेसाठी मागितली तर तिला लाड का म्हणावे, हे मला आजवर समजलेले नाही. कपडे स्वच्छ, नीटनेटके आणि प्रसंगाला साजेसे असावेत, ही अपेक्षा रास्त आहे आणि मी ती आनंदाने पाळतो. परंतु ते अंगावर कसे जाणवावेत, हा निर्णय घालणाऱ्याकडेच राहिला पाहिजे.

माझ्यापुरते सांगायचे तर शिंप्याशी मोकळेपणाने बोलल्याने सर्वाधिक फरक पडला. कॉलर बंद केल्यावर आत दोन बोटे सहज शिरावीत, बगलेतील शिवण आत दुमडून सपाट करावी आणि लोकरी पँटला गुडघ्यापर्यंत अस्तर लावावे, हे मी आता न संकोचता सांगतो. कोटाचा मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागा, खाली उतरवला की हात मोकळा होतो असे वाटते, प्रत्यक्षात मात्र मुंढा काखेजवळ वर घेतलेला असला तर हात उचलताना सगळा कोट ओढला जात नाही. एका जाणत्या शिंप्याने हे मला कोट घालायला लावून दाखवले. कपडे घालून पाहताना मी आरशासमोर उभे राहण्यापेक्षा खुर्चीवर बसतो, वाकतो आणि हात वर करून पाहतो. शर्टाखाली मऊ सुती बनियन उलटा घालतो, म्हणजे त्याच्या शिवणी त्वचेला लागत नाहीत.

टायचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मऊ विणीचा टाय सैल गाठीने बांधला तरी तो तिथे आहे याचा मला विसर पडत नाही. त्यामुळे निमंत्रण आले की टाय आवश्यक आहे का, हे मी आधीच विचारून घेतो. बहुतेक यजमान ‘नाही’ म्हणतात, आणि तसे म्हणताना त्यांच्याही आवाजात थोडा सुटकेचा सूर असतो.