चोचीवरची चिकटपट्टी

त्या पक्ष्याच्या चोचीला खाकी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ही गोष्ट मी रिपोर्टमध्ये लिहिली नाही. म्हणून इथे लिहितेय.

मी गुहागर तालुक्यात सरकारी पशुवैद्यक आहे. पशुवैद्यक म्हटलं की लोकांना कुत्री-मांजरं आठवतात, पण आमच्याकडे मे अखेर म्हणजे घटसर्प आणि फऱ्याचं लसीकरण. पाऊस लागायच्या आत वाडीवाडीतली गुरं उरकायची असतात कारण एकदा चिखल झाला की गुरं गोठ्यात, माणसं लावणीला आणि आम्ही बसलोय लशीच्या कुप्या घेऊन. लस २ ते ८ डिग्रीतच ठेवायची आणि नेमकी त्याच दिवसांत वाऱ्याने वीज जाते, त्यामुळे अर्धा जीव त्या बर्फाच्या डब्यात अडकलेला असतो. पक्षी म्हणजे आमच्या दृष्टीने कोंबड्या. महिन्याच्या रिपोर्टात गाय, म्हैस, शेळी, कुक्कुट एवढेच रकाने, बाकी सगळी जीवसृष्टी 'इतर' मध्ये.

जूनचा पहिला आठवडा होता, मिरग तोंडावर आलेला. तीन दिवस नैऋत्येचा वारा थांबला नव्हता, समुद्र पार गढूळ झाला होता. आमच्या जिल्ह्याच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर (मला कुणीतरी डॉक्टर म्हणून ॲड केलंय) समुद्रपक्ष्यांचे धडाधड फोटो येत होते. दापोलीकडे कुणाला ब्राऊन नॉडी दिसला, कुणाला सूटी टर्न, बंदराच्या धक्क्यावर दमून बसलेला एक ब्रायडल्ड टर्न. हा ब्रायडल्ड टर्न तसा आपला शेजारीच, खाली सिंधुदुर्गात वेंगुर्ला रॉक्सवर तो घरटी करतो. बाकीचे सगळे खोल समुद्रातले, आयुष्यभर जमिनीकडे न फिरकणारे, अंडी घालण्यापुरते कुठल्यातरी बेटावर टेकणारे. ते किनाऱ्यावर दिसले म्हणजे एकतर वाऱ्याने ढकलत आणलेत किंवा अंगात काही उरलेलं नाही. ग्रुपवर मात्र नुसता आनंद चालला होता. पंखाखालचा फोटो आहे का, लोकेशन टाका, तालुक्यातली पहिली नोंद! पक्षी जिवंत आहे का हे कुणी विचारलेलं मला तरी दिसलं नाही. राग आला होता, अजून आहे.

दुपारी दोनच्या सुमारास पालशेतकडची तीन पोरं मोटरसायकलवर गोणपाटात काहीतरी घेऊन आली, मागोमाग आमचे वनरक्षक. या माणसाबद्दल लिहायलाच हवं. डझनभर गावांना हा एकटा, स्वतःच्या गाडीवर, बिबट्यापासून अजगरापर्यंत सगळं बघतो आणि रात्री दहाला फोन केला तरी 'येतो मॅडम' एवढंच म्हणतो. गोणपाट उघडलं. बदकापेक्षा मोठा, लांबट, टोकदार पक्षी, डोकं तपकिरी, मानेभोवती पांढरी कॉलर. पंख पसरले असते तर पाच फूट सहज. चोच घट्ट बांधलेली. पोरं म्हणाली, चावतो मॅडम, याच्या हाताला टाके घालायला लागतील. खरंच होतं ते. वरच्या चोचीच्या कडेला करवतीसारखे दाते असतात आणि असा पक्षी सरळ डोळ्याकडे झेप घेतो. एका पोराच्या मनगटाजवळून रक्त येत होतं. पट्टी बघून मला हायसंच वाटलं, हे प्रामाणिकपणे सांगते. म्हटलं बरं झालं, शांतपणे तपासता येईल.

तपासायला लागले. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागत होतं, म्हणजे दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं. डोळे आत गेलेले. पक्षी मान ताठ करून सारखी वर उचलत होता, घशाजवळची कातडी आत-बाहेर होत होती. मला वाटलं घाबरलाय. म्हणून डोक्यावर टॉवेल टाकला आणि सलाईन कोमट करायला आत गेले.

तेवढ्यात चिपळूणच्या एका मुलाचा फोन आला, तो बरीच वर्षं समुद्रपक्षी बघतो. ग्रुपवर पोरांनी टाकलेला फोटो त्याने पाहिला होता. नाव नाही, गाव नाही, पहिलंच वाक्य, 'मॅडम, चोच बांधलीय का अजून? सोडा आधी. याला नाकपुड्या नसतात.'

मी टॉवेल काढून बघितलं. चोच टोकापासून कपाळापर्यंत गुळगुळीत, कुठे भोकच नाही. हा बूबी पक्षी, त्यातला मास्क्ड बूबी, पिल्लू वयाचा. उंचावरून पंख मिटून बाणासारखा पाण्यात घुसतो आणि मासा धरतो. त्या वेगाने पाणी नाकात घुसू नये म्हणून बाहेरच्या नाकपुड्या बंदच झालेल्या असतात आणि श्वास तोंडाच्या कोपऱ्यातून. आपण चोच बांधली की आपण त्याचं नाक दाबून धरलेलं असतं. पाच वर्षं कॉलेजमध्ये काढली, कोंबडीच्या श्वसनसंस्थेची आकृती झोपेत काढून दाखवीन, पण हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कधी शोधलं नाही.

कात्रीने पट्टी कापली. त्याने तोंड उघडून तीन-चार मोठे श्वास घेतले, तो आवाज अजून कानात आहे. पाऊण तासाने गेला.

शवविच्छेदन मी केलं, मास्क-ग्लोव्ह्ज घालून, कारण मेलेला समुद्रपक्षी म्हटलं की बर्ड फ्लूची शंका धरूनच चालावं लागतं. पोट रिकामं, चरबीचा थेंब नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'उपासमार व निर्जलीकरण'. खोटं नाही ते. पट्टी नसती तर वाचला असता का? कदाचित नसता. किती वेळ बांधलेली होती ते पोरांनी सांगितलं, किनाऱ्यापासून माझ्या टेबलापर्यंत तास-सव्वा तास, त्यातली शेवटची पंधरा-वीस मिनिटं माझ्या समोर. ती पंधरा-वीस मिनिटं पोरांची नव्हती, माझी होती.

चार दिवसांनी दुसरा आला. हेदवीच्या बाजूने, हापूसच्या लाकडी पेटीत पेंढ्यावर बसवून, चोच मोकळी. मधल्या दिवसांत वनरक्षकांनी आणि मी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात फोन केले होते की तोंड बांधू नका, समुद्रात परत टाकू नका, मासा कोंबू नका, टॉवेल टाकून खोक्यात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ हेल्पलाइनला किंवा आम्हाला फोन करा. समुद्रात परत टाकणं ही तर इतकी मायेने केलेली चूक असते, पाण्यातला जीव म्हणून पाण्यात. पण पिसं भिजून जड झाली की तो बुडतो नाहीतर गारठून मरतो.

वजन ११५० ग्रॅम, धडधाकट असता तर दीड किलोच्या वर हवं. अंग गार. सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून चारी बाजूंनी लावल्या. अंग तापल्याशिवाय पोटात काही घालायचं नाही, उपाशी जीवाला थेट मासा दिला तर तो पचवायला अंगातलं उरलंसुरलं पाणी जातं. मग बाळांची फीडिंग ट्यूब, कोमट रिंगर लॅक्टेट (सलाईनचाच एक प्रकार), एका वेळी ५० मिली. या पक्ष्याची जीभ नावापुरती असते त्यामुळे श्वासनलिकेचं तोंड समोर स्पष्ट दिसतं, ट्यूब चुकायला नको. संध्याकाळी चोचीच्या टोकाहून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. आमचे परिचर म्हणाले मॅडम सर्दी झाली, अँटिबायोटिक देऊ. नाही. ते मीठ होतं. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात, नाकपुड्या नाहीत म्हणून ते चोचीवरून ओघळतं. ग्रंथी चालू झाल्या म्हणजे गाडी रुळावर येतेय. त्या थेंबांकडे मी दहा मिनिटं बघत उभी होते.

खाली कडक जमीन असली की छातीच्या हाडाला आणि पायांना जखमा होतात. म्हणून लाकडी चौकटीवर जुनं नायलॉनचं जाळं ताणून त्यावर टॉवेल घातला. हे जाळं एका काकांनी दिलं, १ जूनपासून मासेमारी बंद असल्याने त्यांची होडी वर ओढलेली होती. बंदीमुळे ताजा मासा मिळेना. फ्रीझरचा बांगडा होता, पण साठवलेल्या माशात बी-१ जीवनसत्त्व जातं, गोळी द्यावी लागते. शेवटी त्याच काकांनी खाडीत पाग (फेकायचं जाळं) टाकून बोय मासे आणून दिले, पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याने पहिला बोय डोक्याकडून स्वतः गिळला.

वरच्या एका कार्यालयाला विचारलं की याला पुढे कुठे पाठवू, तर उत्तर आलं की समुद्री पक्ष्यांसाठी वेगळी सूचना नाही. शेकडो किलोमीटरचा किनारा आहे आपला आणि सूचना नाही.

सहाव्या दिवशी सड्यावर, समुद्रावरच्या कातळी पठारावर नेला. सपाट जागेवरून याला सहज उडता येत नाही, समोरून वारा आणि पायाखाली उतार लागतो. याची वसाहत म्हणावी तर ओमानची हलानियत बेटं, अरबी समुद्राच्या पार. वीसेक मिनिटं तो कातळावर नुसता वाऱ्याकडे तोंड करून बसला. मग पंख उघडले आणि वाऱ्यानेच उचलला. खाली लाटांच्या जवळ उतरला, कड धरून गेला, मग दिसेना.

आमच्याबरोबर पालशेतचा तो पट्टीवाला मुलगा आला होता, तोच पेटी धरून होता. अकरावीत आहे. परतताना म्हणाला, मॅडम, आधीचा का मेला? मी म्हटलं, फार अशक्त होता रे.

तेव्हापासून तो दर आठवड्याला किनारा चालतो, फोटो पाठवतो, फोन करतो. त्याला खरं सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो हे सोडून देईल अशी भीती वाटायची. पण परवा त्याने सहज विचारलं की चोच बांधायची नाही ते ठीक, पण का? यंदा मिरगाच्या आत त्याला दवाखान्यात बोलावलंय. पट्टीचं सांगणार आहे, माझ्या पंधरा-वीस मिनिटांसकट, कारण पुढचा पक्षी बहुतेक त्याच्याच हाताला लागणार आहे.