दोन पंप मारले की लागतो ब्रेक

तात्यांची पिकअप गॅरेजसमोर थांबली ती हँडब्रेक ओढून. तेव्हाच कळलं, काम साधं नाही. 2006 चं मॉडेल, पुढे डिस्क, मागे ड्रम. आदल्या दिवशी दुसरीकडे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोरानं ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, बदलून घेतला होता आणि तेव्हापासून पेडल खाली जात होतं.

"दोन पंप मारले की लागतो रे ब्रेक," तात्या म्हणाले. "थोडी हवा असंल, काढून दे. चारला माल भरायचाय, वाशीला जायचंय."

माल म्हणजे टोमॅटो. 60 क्रेट, क्रेटला वीस किलो धरले तरी बाराशे किलो वजन. रस्ता माळशेज घाटाचा, दिवस आषाढाचे. आमचं गॅरेज ओतूरजवळ कल्याण-नगर रस्त्याला आहे. घाटातून ओढून आणलेल्या गाड्या या दारात मी पाहिलेल्या आहेत.

पेडलवर पाय ठेवला. पहिल्या दाबाला ते जवळजवळ फळीपर्यंत गेलं, दुसऱ्याला अर्ध्यावर आलं, तिसऱ्याला वर उभं राहिलं, पण पायाखाली मऊच. ओल्या उशीवर पाय द्यावा तसं. तसाच पाय दाबून ठेवला तर हळूहळू खाली सरकत नव्हतं. म्हणजे नवा मास्टर सिलिंडर दाब धरत होता. ड्रमच्या आतले घासून गाडी थांबवणारे लायनर ढिले असले तरी पहिला पंप वाया जातो, म्हणून मागचे दोन्ही ड्रम काढून लायनर अ‍ॅडजस्ट केले. पेडल बोटभर वर आलं, मऊपणा होता तसाच. मग हवाच.

ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. लाइनमध्ये हरभऱ्याएवढा बुडबुडा असला तरी पायाचा जोर आधी त्याला चेपण्यात जातो, उरलेला चाकाला मिळतो.

गाडी मागून उचलून चेसीखाली घोड्या, म्हणजे गाडी तोलून धरणारे लोखंडी टेकू, लावल्या. भाचा पेडलवर बसला, मी खाली शिरलो. डावं मागचं चाक मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब, म्हणून सुरुवात तिथून. चाकामागे हवा काढायचं बारीक निपल असतं. त्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं.

"मार... मार... मार... धर!"

"धरलं, मामा."

निपल अर्धा आटा सैल करायचं. पेडल खाली गेलं की त्यानं 'गेलं' म्हणायचं, मी निपल आवळायचं आणि 'सोड' म्हटल्याशिवाय त्यानं पाय उचलायचा नाही. आधी उचलला तर निपलातून हवा परत आत ओढली जाते. हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि पोरगं चुकत नाही. टाकीतलं ऑइलही त्यानं एकदासुद्धा तळाला जाऊ दिलं नाही.

चारही चाकं झाली. पुढून स्वच्छ ऑइल आलं, मागून बारीक धार, पण बुडबुडा नाही. पेडल तसंच. पुन्हा चारही चाकं, पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला लिटरभर ऑइल संपलं आणि दुपारचा एक वाजला.

"अरे, लागतोय की दोन पंपात! दे आता," तात्या म्हणाले.

मी नाही म्हणालो. तात्या माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांच्यापुढे आवाज चढवत नाही मी, पण त्या दिवशी चढला. घाटाच्या वळणावर धुक्यातून समोर एसटी आली तर दुसरा पंप मारायला वेळ कोण देणार? बाराशे किलो माल मागून ढकलत असतो. दोन पंपाचा ब्रेक सपाटीवर धकेल, घाटात त्याला ब्रेक म्हणत नाहीत. तात्या काही न बोलता बाकड्यावर जाऊन बसले.

मग डोकं शांत करून पुढच्या दोन्ही चाकांकडे जाणारे रबरी पाइप गुळगुळीत क्लॅम्पनं चिमटले आणि भाच्याला पेडल दाबायला सांगितलं. "मामा, तसंच मऊ आहे!" म्हणजे पुढचं सगळं बरोबर, हवा मागेच. पण मग ती निपलातून येत का नव्हती?

क्लॅम्प काढले आणि लोखंडी पाइपवर बोट ठेवून मास्टर सिलिंडरकडून मागे मागे येत गेलो. अ‍ॅक्सलच्या वर, चेसीला, चिखलाचा एक गोळा होता. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर आत लोड व्हॉल्व्ह. त्याचा दांडा अ‍ॅक्सलला जोडलेला. माल भरला, चेसी खाली बसली की दांडा वर जातो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. आणि मी घोड्या चेसीखाली लावलेल्या! अ‍ॅक्सल लोंबकळत होता, दांडा पार खाली. व्हॉल्व्हला वाटत होतं गाडी रिकामीहून रिकामी आहे, म्हणून तो मागचा दाब तोडत होता. सकाळपासून माझ्याच घोड्या माझं काम अडवत होत्या. त्यात व्हॉल्व्ह लाइनमध्ये सगळ्यात उंचावर, हवा तिथेच जाऊन बसणार. खरवडता खरवडता त्याच्या माथ्यावर आणखी एक निपल दिसलं. चाकांची चार आणि हे पाचवं, चिखलाखाली गाडलेलं.

घोड्या अ‍ॅक्सलखाली घेतल्या, गाडीचं वजन स्प्रिंगच्या पाट्यांवर आलं, दांडा वर गेला. निपलला गंज सोडवायचं तेल मारून पंधरा मिनिटं थांबलो. घाई केली असती तर तुटलं असतं. मग रिंग पान्यानं हलकेच फिरवलं.

"मार... मार... धर!"

नळीत आधी सोड्यासारखा फेस आला. मग ऑइल तुटलं आणि करंगळीएवढा लांब हवेचा तुकडा नळीतून सरकत गेला. बाटलीत बुडूक आवाज झाला. भाच्यानं वरून विचारलं, "आली का?" आणखी दोन तुकडे आले, मग नुसतं ऑइल. मागची चाकं पुन्हा केली. आता धार जाड होती.

सुरुवातीला मागून निघालेलं ऑइल चहासारखं काळपट होतं. डॉट 3 प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी पीत राहतं आणि 3.7 टक्के पाणी मुरलं की ती हमी 140 वर येते. उतारावर ब्रेक तापले की असलं ऑइल उकळून वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. म्हणून सगळी लाइन नव्या ऑइलनं धुऊन काढली.

इंजिन चालू केल्यावर पेडल जरासं बसलं आणि तिथेच घट्ट थांबलं. पहिल्याच दाबाला.

माल भरल्यावर मी तात्यांच्या शेजारी बसून तीन किलोमीटर गेलो, तीनदा करकचून ब्रेक मारायला लावला आणि एका पोराच्या मोटरसायकलवर परत आलो. रात्री टोकावड्याहून फोन आला, घाट उतरून चहाला थांबले होते.

"एका पंपात लागतोय रे," तात्या म्हणाले. "सगळ्या वळणांवर बघितलं."