बटण दाबलं आणि करार झाला

इतकी वर्षं जर्मनीत राहून मला इथल्या लाईटच्या कनेक्शनबद्दल काहीच माहीत नव्हतं, कारण आधी हॉस्टेल आणि नंतर शेअरिंगचा फ्लॅट, म्हणजे बिल कायम दुसऱ्याच्या नावावर, आपण फक्त आपला वाटा द्यायचा. आता न्यूरेंबर्गमध्ये पहिल्यांदा एकटीच्या नावावर घर घेतलंय, भाड्याचंच, आणि चावी हातात देताना घरमालकीण बाईंना मी पहिला प्रश्न विचारला की लाईट कधी चालू होईल, अर्ज कुठे करायचा? त्यांना माझा प्रश्नच कळेना. लाईट चालूच आहे की, म्हणाल्या.

मी अर्ज केलेला नाही, कागद दिलेले नाहीत, डिपॉझिट भरलेलं नाही, माझं नाव कुणाला माहीत नाही, आणि भिंतीवरच्या प्लगमध्ये चार्जर लावला तर फोन चार्ज व्हायला लागला. सोलापूरच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मला वाटलं आधीच्या भाडेकरूच्या नावावर चालू असेल आणि त्याचं बिल मी वाढवतेय, म्हणून मी रात्रभर काही लावलंच नाही. दुसऱ्या दिवशी बसून सगळं वाचून काढलं तेव्हा समजलं की इथे कायद्यानेच ठरवून ठेवलंय, प्रत्येक भागात जी कंपनी सगळ्यात जास्त घरांना वीज देते ती त्या भागाची मूळ पुरवठादार, दर 3 वर्षांनी हे परत ठरवतात, आणि त्या कंपनीने तिथल्या कुठल्याही घराला जाहीर केलेल्या दराने वीज द्यायचीच. तुम्ही दुसऱ्या कुणाशी करार केलेला नसेल तर बटण दाबून वीज वापरली त्या क्षणी या कंपनीशी तुमचा करार झाला असं धरतात. सहीसुद्धा लागत नाही. तुम्ही फक्त त्यांना कळवायचं की मी इथे राहायला आले, मीटरचा नंबर हा, रीडिंग एवढं.

यावर मी किती दिवस विचार करतेय सांगू! आपल्याकडे आधी कागद, मग लाईट, आणि इथे आधी लाईट, मग कागद. माणूस घरात राहायला आलाय म्हणजे त्याला उजेड लागणार, फ्रिज लागणार, हे गृहीत धरून बाकीचं नंतर बघू, ही गोष्ट मला इथल्या रस्त्यांपेक्षा, ट्रेनपेक्षा आणि स्वच्छतेपेक्षा जास्त आवडली. त्यात नवीन आलेल्या परदेशी माणसाची तर फार मोठी सोय आहे, कारण इथे शूफा म्हणून एक रेकॉर्ड असतं, तुमची उधारी फेडायची पत त्यात दिसते, आणि नवीन माणसाचं ते कोरं असतं, म्हणून स्वस्त दरवाल्या कंपन्या कधीकधी नाही म्हणतात. मूळ पुरवठादाराला मात्र असं सहजासहजी नाही म्हणता येत नाही. आणि पैसे थकले तरी लगेच कापत नाहीत, थकबाकी कमीत कमी 100 युरो आणि दोन महिन्यांच्या हप्त्याइतकी तरी असावी लागते, 4 आठवडे आधी नोटीस, मग परत 8 कामाचे दिवस आधी पत्र. (आपल्याकडेही 2003 च्या वीज कायद्यात पूर्ण 15 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय कापता येत नाही असं आहे, हे आपल्याकडच्या किती लोकांना माहीत आहे देव जाणे.)

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी जर्मन झाली.

लाईट होती पण घरात एकही दिवा नव्हता. इथे आधीचा भाडेकरू जाताना दिवे काढून घेऊन जातो, छताच्या मधोमध नुसत्या वायरी लोंबत असतात, काळी किंवा तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी, टोकाला प्लास्टिकचा कनेक्टर. मी वायरमनला फोन लावायला गेले तर नुसतं यायचेच एवढे पैसे सांगितले की मी फोन ठेवला. शेवटी ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून शिडी आणि टेस्टर आणला, फ्यूज बॉक्समधला त्या खोलीचा स्विच पाडला, आणि स्वतः दिवा बसवला. हिरवी-पिवळी म्हणजे अर्थिंग, निळी न्यूट्रल, उरलेली फेज. सोलापुरात आपण एक हाक मारली की गल्लीतला पोरगा पान्हा-पक्कड घेऊन येतो आणि चहा पिऊन जातो, ते सुख इथे नाही म्हणजे नाहीच.

आणि बिलाची पद्धत! मूळ पुरवठादार महाग असतो म्हणून दुसरी कंपनी शोधली, वीजबाजार इथे 1998 पासून खुला आहे, मूळ करार 2 आठवड्यांच्या नोटिशीवर सोडता येतो. अर्जाला मीटर नंबर, घरात शिरले त्या दिवशीचं रीडिंग आणि मार्केट लोकेशनचा म्हणून, म्हणजे त्या घराच्या वीजजोडणीची ओळख सांगणारा, एक 11 आकडी नंबर लागतो. जून 2025 पासून कंपनी बदलायचं तांत्रिक काम कामाच्या दिवशी 24 तासांत करायचा नियम झालाय, पण त्याच नियमामुळे मागच्या तारखेने नोंदणी करता येत नाही, आधी 6 आठवडे मागची चालायची, म्हणून घर बदलणाऱ्यांनी आधीच अर्ज टाकावा. इथपर्यंत ठीक. पण मग त्यांनी माझा महिन्याचा हप्ता ठरवला. वापर अजून झालाच नाही, आणि त्यांनी अंदाजाने रक्कम बँकेतून कापायला सुरुवात केली, हिशोब वर्षाच्या शेवटी, जास्त वापरलं तर वरचे पैसे एकदम भरा, कमी वापरलं तर परत मिळतील. एकट्या माणसाला 1500 युनिट वर्षाला धरतात, मी तेवढं लिहिलं होतं, तरी त्यांनी हप्ता वाढवून लावला आणि बोलायला माणूस नाही, मेल करा, पत्र पाठवा, हॉटलाईनवर गाणी ऐका. दर ऐकाल तर घाबराल, 2024 आणि 2025 साली महिन्याचा स्थिर आकार धरून सरासरी युनिटला 40 सेंटच्या आसपास, म्हणजे आपल्या 35 रुपयांच्या वरच. आपले स्लॅब, 100 युनिटपर्यंत एक दर, 300 पर्यंत दुसरा, त्यात कमी वापरणाऱ्या गरिबाला निदान थोडं तरी स्वस्त पडतं, इथे पहिल्या युनिटला आणि हजाराव्या युनिटला दर तोच. हे मला बरोबर वाटत नाही आणि मी ते इथल्या लोकांना तोंडावर सांगते. पण लाईट जात नाही हेही खरं, 2023 साली सरासरी ग्राहकाची वर्षभरात मिळून 13 मिनिटंसुद्धा गेली नव्हती. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात लाईट गेली की माग बंद, माग बंद की विणकराची मजुरी बुडाली, ते बघून मोठी झालेय, त्यामुळे 13 मिनिटं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको.

हे सगळं चालू असतानाच सोलापुरात आईच्या नव्या घराला कनेक्शन घ्यायचं होतं, विजापूर रोडच्या पलीकडे छोटं घर बांधलंय. काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "अगं एजंटला दे की पैसे टाकून, तुझ्याच्यानं तिकडून काय व्हणारंय?" आणि एक एजंट आईला म्हणाला की ऑनलाइन अर्ज पडूनच राहतो ताई, तुमची फाईल मी हाताने फिरवतो. मला त्याचा भयंकर राग आला. कारण आईसारख्या बायकांना घाबरवूनच यांचं पोट भरतं. मी म्हटलं मीच करणार, इथून.

आणि केलं. उन्हाळ्यात आमच्यात साडेतीन तासांचा फरक असतो, मी सकाळी उठून महावितरणच्या पोर्टलवर बसले की आईचा दुपारचा स्वयंपाक झालेला असायचा. आईचं आधार, घराची कर पावती आणि खरेदीची इंडेक्स टू हे तिने फोनवर फोटो काढून पाठवले, सिंगल फेज, घरगुती, लोड किती ते पंखे-दिवे-फ्रिज-मिक्सर-पंप असं बेरीज करून भरलं. लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तो वायरिंग करणाऱ्याकडून घेतला, आणि त्याआधी अर्थिंगचा खड्डा नीट करून घे म्हणून मी आईच्या मागे लागले, तर तिने स्वतः उभं राहून खड्ड्यात कोळसा आणि खडे मीठ थर देऊन भरून घेतलं आणि प्रत्येक थराचा व्हिडिओ मला पाठवला. मग पाहणीला साहेब आले, पोलपासून अंतर मोजलं, कोटेशन निघालं, मी इथून ऑनलाइन भरलं. मीटर बसवायला आलेला लाईनमन सोलापूरच्या उन्हात पोलवर चढला, खाली उतरल्यावर आईने ताक दिलं, आणि तो जाताना तिला मीटरवर रीडिंग कुठे बघायचं, बिलावरच्या ग्राहक क्रमांकाचे 12 आकडे लिहून कुठे ठेवायचे, काही झालं तर 1912 ला फोन करायचा, हे सगळं समजावून गेला. इथे मला हे कुणी समजावलं नाही. मी तळघरात मोबाईलच्या उजेडात बारा मीटरमधून माझा नंबर एकटीने शोधला.

नातेवाईक म्हणतात लेक तिकडे आणि आई इथे एकटी. म्हणू देत. अर्ज मी भरला, पैसे मी भरले, नियम मी वाचले, जवळ राहून एजंटचा नंबर देणाऱ्यांपेक्षा मी लांबून जास्त केलं असं मला वाटतं.

आपल्याकडेही नियम चांगले आहेत हो, 2020 च्या ग्राहक हक्क नियमांत 2024 ला बदल झाला, आता नवीन जोडणीला महानगरात 3 दिवस, नगरपालिका-महापालिका भागात 7, ग्रामीण भागात 15 दिवस अशी मुदत आहे, अर्ज सगळ्या कागदांसकट पूर्ण असेल तर. खरी अडचण कागदाशीच येते. आईचे कागद तिच्या नावावर होते म्हणून सोपं गेलं. आईचं बघून शेजारच्या काकूंचा मला फोन आला, त्या मागच्या खोलीत वेगळ्या राहतात, घरपट्टी अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, दिरांची सही मिळत नाही, आणि कितीतरी दिवस एक वायर ओढून दिराच्याच मीटरवर दोन दिवे लावतायत. एजंट म्हणाला तुमचं होणारच नाही. पण वीज कायद्याच्या कलम 43 मध्ये मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला तर वीज द्यायची असं दोघांचंही नाव घेतलंय, राहणाऱ्याचंसुद्धा. काकूंचं रेशन कार्ड आणि आधार त्याच पत्त्यावर आहे, राहत असल्याचा आणखी काय पुरावा जोडता येईल ते त्या शोधतायत, रविवारी त्यांचा अर्ज भरायला बसतेय, आणि कागद कमी पडतायत असं सांगितलं तर कुठला ते लेखी मागायचं म्हणून काकूंना आत्ताच सांगून ठेवलंय.