राखेनं भांडी निघतात का?

"एवढी राख पडते तुमच्याकडे, तर भांडी घासायला ठेवत जा की," आई फोनवर म्हणाली. पंचवटीतल्या वाड्यात तिनं चुलीच्या राखेनंच भांडी घासलेली. फुकटची राख पिशवीत भरून फेकणारी लेक तिला उधळी वाटली तर नवल नाही.

मी जपानच्या क्यूशू बेटावर, कागोशिमाला राहते. खाडीपलीकडे चारेक किलोमीटरवर साकुराजिमा हा जिवंत ज्वालामुखी आहे. इथल्या हवामानाच्या बातम्यांत डोंगरावरच्या वाऱ्याची दिशाही सांगतात. वारा आपल्याकडे असला की कपडे घरात वाळवायचे. राख भरायला महापालिका पिवळ्या पिशव्या देते. पहिल्या खेपेला मी बाल्कनीची काच फडक्यानं खसाखसा पुसली आणि तिच्यावर ओरखडे उठले. कारण ही राख काही जळून झालेली नसते. फुटलेल्या खडकाचा आणि काचेचा तो भुगा असतो, कणाकणाला धार.

फिलिपिन समुद्राचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता प्रचंड तुकडा, वर्षाला काही सेंटिमीटर या वेगानं क्यूशूखाली घुसतो आहे. जाताना तो समुद्राचं पाणीही खडकांत मुरवून नेतो. खोलवर ते पाणी सुटून वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि एरवी वितळला नसता तो खडक वितळतो. असा शिलारस चिकट असतो, त्यात वायू कोंडलेला. वर आल्यावर हलवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा फसफसून फुटतो.

"त्यापेक्षा आमचं नाशिक बरं बाई!"

अगं, तू लाव्हावरच बसली आहेस! पांडवलेण्यांच्या भिंती, ब्रह्मगिरी-अंजनेरीचे पायऱ्या-पायऱ्यांचे कडे, सगळा लाव्हाच. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा पुरासारखा पसरत गेला, थरावर थर. तिथं एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात नव्हता. खालून वर येणाऱ्या उष्णतेच्या स्रोतावरून आपला भूपट्ट तेव्हा सरकत होता. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते तोच स्रोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून अधूनमधून जागा होतो. नाशिकच्या त्या लाव्हाची झिजून झालेली काळी माती आपल्या द्राक्षांना पोसते. साकुराजिमाच्या मातीत तर जगातला सर्वांत मोठा मुळा पिकतो. (चवीला मुळ्यासारखाच लागतो.)

8 ऑगस्ट 2024ला संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास ऑफिसात सगळ्यांचे मोबाईल एकदम केकाटले. आधी बारीक थरथर, मग आडवे हिसके. भूकंपाच्या पहिल्या लहरी वेगवान पण सौम्य असतात. यंत्रं त्या पकडतात आणि दांडग्या लहरी पोचायच्या आत इशारा धाडतात. तोच घुसणारा भूपट्ट कित्येक वर्षं वरच्याला अडकून राहतो, ताण साठतो, आणि एक दिवस अडकलेला भाग निसटतो. या वेळी तो मियाझाकीजवळच्या समुद्रात निसटला, मॅग्निट्यूड 7.1.

बाबांचा लगेच फोन. "7.1? अगं, किल्लारीला एवढा नव्हता!"

त्यांना मी दुतोंड्या मारुतीवरून समजावलं, गोदावरीचा पूर नाशिककर ज्या मूर्तीवरून मोजतात तो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं तो आकडा एकच, पण पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की छातीला, हे रामकुंडावर उभं राहूनच कळतं. मॅग्निट्यूड म्हणजे विसर्ग, भूकंपात एकूण किती ऊर्जा सुटली तो आकडा. कुठं किती हललं याचा जपानी लोकांचा वेगळा आकडा आहे, शिंदो. तो गावागणिक बदलतो. तो आमचा मारुती.

मियाझाकी बंदरात त्सुनामी आली 50 सेंटिमीटरची. बाबा हसले. मी म्हटलं, बाबा, गुडघाभर पुरात गोदाकाठी उभे राहता का तुम्ही? साधी लाट वाऱ्यानं उठते, आपटते आणि मागे जाते. त्सुनामीत समुद्राचा तळच हिसक्यानं वरखाली होतो, त्याच्यासोबत वरचं सगळं पाणी. खोल समुद्रात ते ताशी 700 किलोमीटरनं पळतं आणि जहाजाला पत्ताही लागत नाही. किनाऱ्याशी वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि येतच राहतं. 11 मार्च 2011ला ते काही ठिकाणी 40 मीटर उंचीपर्यंत चढलं होतं.

"मग किल्लारीला काय झालं?" आता ते हसत नव्हते.

किल्लारी भूपट्टाच्या कडेला नाही, आत आहे. भारत उत्तरेला आशियावर रेटतो आहे, त्याचा ताण आतवर पोचतो. लाव्हाच्या थराखालची एखादी जुनी कच्ची जागा मोडते. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. विसर्जन आटोपून माणसं नुकती झोपलेली. वर मातीचं जड माळवद, भिंती दगडमातीच्या, आणि दगड हाच आपला काळा. दहा हजारांच्या घरात माणसं गेली. आमच्या 7.1मध्ये एकही नाही. केंद्र समुद्रात होतं हे खरंच, पण मी ज्या इमारतीत बसले होते ती डोलली आणि उभी राहिली, हेही खरं.

दिवाळीला घरी जाताना राखेचा डबा नेला. इथं तो भेटवस्तू म्हणून विकत मिळतो. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून घासण्याचा आवाज. आईनं करपलेली कढई पुढ्यात धरली. चकचकीत! आणि तळाला ओरखडेच ओरखडे.

"निघाली की," आई म्हणाली. "पुढच्या वेळी दोन डबे आण."