फोटोमागची झावळी

आमच्या हॉलमध्ये येशूच्या पवित्र हृदयाचा एक फोटो आहे, आईला लग्नात मिळालेला. फ्रेमचा खालचा कोपरा फुगलाय, कारण २००५ च्या २६ जुलैला आम्ही दहिसरला तळमजल्यावर राहत होतो आणि नदी सरळ घरात आली होती. फ्रीज गेला, बाबांची कागदपत्रं गेली, फोटो खिळ्यावर उंच होता म्हणून कोपऱ्यावर भागलं. तर त्या फोटोच्या मागे कायम एक झावळीचा क्रूस खोचलेला असतो. कायम म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून. पण तो एकच क्रूस नाही हं, दरवर्षी वेगळा असतो, तरी घरात कुणी "नवीन क्रूस" असं म्हणत नाही, नुसतं "क्रूस" म्हणतात, जसा काही तोच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. येशू गाढवावर बसून यरुशलेममध्ये आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं होतं (आणि त्याच आठवड्यात त्याला क्रूसावर द्या म्हणून ओरडले, यावरून आजी दरवर्षी नव्याने चिडायची, जणू काही कालच घडलंय). तिकडे खजुराच्या झावळ्या होत्या, आपल्याकडे माड आहे तर माडाच्या. कोवळी पिवळसर पात मिळते, फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात, आणि मग मिस्सेत (म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीत) येशूच्या दुःखसहनाचं ते भलंमोठं वाचन सुरू होतं, सगळे उभे, पाय दुखतायत, आणि बाकांवरची निम्मी पोरं खाली मान घालून त्या पातीचा क्रूस वळत असतात. मोठी माणसं दटावत नाहीत कारण लहानपणी त्यांनीही तेच केलेलं असतं. हीर काढायचा, पट्टी दुमडायची, आडवी पट्टी मधून ओवून मागे गाठ. मला आजीने वसईला शिकवलं, तिची गाठ इतकी घट्ट की वर्षभर हलायची नाही, माझी मे महिन्यातच सैल होते.

पहिले काही दिवस तो मस्त हिरवा-पिवळा असतो, मग उन्हाळ्यात चहाच्या रंगाचा होतो, पावसात कधीकधी बुरशी धरतो (मुंबईत कशाला धरत नाही, चपलांना पण धरते), नाताळात कुणाचं लक्ष नसतं कारण गोठा आणि तारा आणि कुलकुलांचा फराळ, आणि फेब्रुवारीत आई म्हणायची, क्रूस काढा रे, चर्चमध्ये द्यायचाय. सगळ्या घरांतून जुने क्रूस गोळा होतात, ते जाळतात, आणि तीच राख राखेच्या बुधवारी आपल्या कपाळाला लागते. तू माती आहेस हे विसरू नकोस, अशा अर्थाचं काहीतरी फादर म्हणतात. तिथून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, आणि मग परत झावळ्या.

समोरच्या काकू, ज्या माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाला, म्हणजे दर बुधवारच्या प्रार्थनेला, माझ्यापेक्षा जास्त नियमित जातात (तो नोव्हेना १९४८ पासून चालू आहे आणि बुधवारी तिथे गेलात तर कळेल की त्यातले अर्धे लोक ख्रिस्ती नसतात), त्यांनी मला एकदा विचारलं की तुमचं ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला कसं काय येतं. म्हटलं, काकू, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते त्याच्यानंतरचा रविवार. काकू दोन सेकंद गप्प, मग म्हणाल्या, "म्हणजे तुमचंही पंचांगच की गं!" त्या दिवसापासून त्या मला कालनिर्णय बघून ईस्टर कधी ते सांगतात.

आता खरं सांगते, मधली सातआठ वर्षं मी चर्चमध्ये जात नव्हते. काही भांडण वगैरे नाही. चर्चगेटला नोकरी लागली, रविवार हा एकच दिवस झोपायचा, आणि त्या वयात आपल्याला वाटतंच की आपल्याला सगळं कळलंय. आई काही बोलायची नाही. बाबा बोलायचे, आई नाही. पण झावळ्यांच्या रविवारी ती घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एकेक क्रूस वळायची आणि सोमवारी सकाळी विरार लोकलमध्ये पास काढताना माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात तो हाताला लागायचा. मी वैतागायचे. पण फेकला कधी नाही, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्या पर्समध्ये तो माझ्याबरोबर दोन नोकऱ्या बदलला, एका मुलाला भेटायला गेला ज्याच्याशी नंतर काही जमलं नाही, आणि ज्याच्याशी जमलं त्यालाही भेटला. फेब्रुवारी आला की आई गुपचूप पर्समधून काढून घ्यायची.

परत जायला लागले तेव्हाही काही दर्शन वगैरे झालं नाही, लोकांना साक्ष ऐकायला आवडते पण माझ्याकडे तशी गोष्टच नाही. जुलै होता, बाहेर धो धो पाऊस, मुलगी पोटात होती, आणि मी नुसतीच गेले. फादरांचा झगा हिरवा होता. आमच्याकडे वर्षाचे असे रंग असतात, आगमनकाळ (नाताळच्या आधीचे आठवडे) आणि उपवासकाळ जांभळा, नाताळ आणि ईस्टर पांढरा, आणि बाकीचं सगळं हिरवं. त्या बाकीच्या सगळ्याला सामान्य काळ म्हणतात. वर्षातले तेहतीस-चौतीस आठवडे सामान्य काळ असतो, म्हणजे बहुतेक सगळं वर्षच! आणि त्याचा मोठा तुकडा बरोब्बर आपल्या पावसाळ्यात येतो, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की बाहेर बोरिवलीचे डोंगर हिरवे झाले म्हणून फादर हिरवं घालतात. अजूनही थोडंसं वाटतं.

२०२० च्या फेब्रुवारीत जुना क्रूस चर्चमध्ये द्यायचा माझ्याकडून राहून गेला. म्हटलं जाऊ दे, झावळ्यांच्या रविवारी नेऊ. तो रविवार आला ५ एप्रिलला आणि चर्चला कुलूप, सगळ्या मुंबईलाच कुलूप. मिस्सा यूट्यूबवर, आई नाइटी घालून आणि डोक्यावर ओढणी घेऊन टीव्हीसमोर उभी, आणि हातात झावळी नाही. १८९६ चा प्लेग आला तेव्हा लोकांनी गिरगाव, माझगाव, वांद्र्याच्या गल्ल्यांत क्रूस उभारले, ते अजून आहेत, लोक अजून मेणबत्त्या लावतात, आणि आमच्याकडे साधी एक माडाची पात मिळेना. तर मग तोच, राहून गेलेला. पार तपकिरी झालेला, हात लावला की भुगा पडायचा. मी आळशीपणा केला म्हणून आमच्या घरात क्रूस होता, यावर आई मला ओरडावं की शाबासकी द्यावी या विचारात पडली होती.

आई २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेली. सामान्य काळात. त्या वर्षीचा क्रूस तिनेच वळला होता, बोटं थरथरत होती त्यामुळे गाठ माझ्यासारखी सैल आली होती, ती त्यावरून हसलीपण. मग फेब्रुवारी आला. काकू म्हणाल्या, ठेव की आठवण म्हणून, फ्रेम करून घे, कोण विचारतंय. नवराही तेच म्हणाला. मी दोन रविवार तो पर्समध्ये घालून नेला आणि दोन्ही रविवार परत आणला. चर्चच्या दाराशी एक पुठ्ठ्याचा खोका ठेवलेला असतो, कुठल्यातरी पंख्याचा, त्यात सगळे क्रूस पडलेले असतात आणि कुठला कुणाचा काही कळत नाही. हेच नको होतं मला, आईचा त्यात कुठलाच न होणं. पण ती स्वतः दरवर्षी न विचारता देत आली होती, तिच्या आईने वळलेलेसुद्धा, त्यातला एकही तिने ठेवला नव्हता. शेवटच्या रविवारी टाकला. खाली बघितलं नाही.

राखेचा बुधवार २२ तारखेला होता. सकाळची मिस्सा करून तशीच ट्रेन पकडली, लेडीज डब्यात समोरच्या बाईने खूण केली, ताई, कपाळाला काळं लागलंय काहीतरी, आणि वेट वाइप पुढे केला. भली बाई होती. मी म्हटलं, असू दे. तिला वाटलं असेल काय विचित्र बाई आहे, अंधेरीपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

आता रिडेव्हलपमेंटमध्ये नवीन फ्लॅट मिळालाय. इंटिरियरवाला म्हणाला, "ताई, मंदिर युनिट कुठे घ्यायचं?" म्हटलं, युनिट नको, एक खिळा ठोक. खिळा त्या भिंतीत जाईना, शेवटी ड्रिल आणावं लागलं.

मुलगी एकोणीसची आहे आणि सध्या चर्चमध्ये येत नाही. २०२४ ला राखेचा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला तेव्हा हा काय जोक आहे का म्हणून जी रुसली ती रुसलीच. मी काही बोलत नाही, तिचे बाबा बोलतात. ती पर्स वापरत नाही, म्हणून मी क्रूस तिच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवते, एकदम चपटा करून. परवा कव्हर काढून माझ्यासमोर आपटलं, "मम्मी, याचा सगळा चुरा झालाय, स्पीकरमध्ये जातोय." मग टिश्यूवर तो चुरा झटकला, कडा दुमडल्या, आणि पुडी हातात धरून विचारत होती की आता हे ठेवायचं कुठे.