तुमच्या देवळाला मशीद का म्हणता?

मस्जिद बंदरला उतरून कुणालाही सॅम्युअल स्ट्रीटकडे घेऊन निघाले की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

माझ्या आजीच्या तोंडी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, हा शब्द कधी आलाच नाही. "मशिदीत जाऊन येते गं," म्हणत ती डोक्यावर पदर घ्यायची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही आमच्यात चालत आलेली कथा. पूर्वजांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. तेव्हा प्रार्थनेला वेगळी वास्तू नव्हती. सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आणि 'शेमा' ही प्रार्थना, एवढं घरातच जपलेलं.

पहिलं सिनेगॉग झालं १७९६ मध्ये, मुंबईत मांडवीला. नाव 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचं द्वार. बांधलं सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी. लोक त्यांना सामाजी हसाजी म्हणत. ते इंग्रजांच्या फौजेत अधिकारी होते आणि टिपूच्या कैदेत सापडले. कैद्यांना जात विचारली तेव्हा ते म्हणाले, बेने इस्राएल. हे नाव कुराणात आहे, असं सांगून टिपूच्या आईने रदबदली केली. सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन हा त्यांचा नवस, असं आमचे वडीलधारे सांगत आले. नवस फेडल्यावर सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले. या माणसासाठी माझा जीव आजही तुटतो.

आता मशीद. आत मूर्ती नाही, डोकं झाकायचं, तोंड पश्चिमेला, कारण जेरुसलेम तिकडे. शेजाऱ्यांना ओळखीचा शब्द एकच होता, आणि मला वाटतं आमच्या लोकांनाही तो परका वाटला नाही. पुढे दुसरं सिनेगॉग झालं, ती नवी मशीद. दिवेकरांची ती जुनी. स्टेशनाचं नाव या जुन्या मशिदीवरूनच पडलं, असं आम्ही मानतो. रस्त्याचं नाव तर दिवेकरांचंच आहे.

१८६० मध्ये सिनेगॉग आजच्या जागी आलं. १९४८ नंतर आमची कितीतरी घरं इस्राएलला गेली, बाक रिकामे झाले. आत शिरताना दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनं ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवायची. आजी मला उचलून घ्यायची, माझा हात तिथवर पोहोचावा म्हणून.